हात पाठीमागे

शाळेतल्या ड्रॉइंग मास्तरांच्या वाट्याला काय काय येतं, ते सेवापुस्तकात कुठेच लिहिलेलं नसतं. फळ्यावरचा रोजचा सुविचार, स्नेहसंमेलनाचा पडदा, प्रमाणपत्रांवरची वळणदार नावं, शिक्षणाधिकारी येणार म्हणून एका रात्रीत रंगवायची स्वागताची पाटी, चतुर्थी जवळ आली की कोणाकोणाच्या गणपतीमागच्या भिंतीवरची चित्रं. एवढं सगळं निस्तरावं, आणि परीक्षा तोंडावर आली की गणिताला सर्वांत आधी द्यायचा तास म्हणजे चित्रकलेचा. सावंतवाडीच्या एका शाळेत असेच एक मास्तर होते. कोणतंही काम सांगा, नाही म्हणून म्हणत नसत. फक्त एका गोष्टीला त्यांचा ठाम नकार असे. मुलाच्या कागदावर ते स्वतःचा ब्रश टेकवत नसत.

वर्गात फिरताना त्यांचे दोन्ही हात पाठीमागे गुंफलेले असत. पोरं त्यांची नक्कल करत. मधल्या सुट्टीत पाच-सहाजण ओळीने हात मागे बांधून व्हरांड्यातून चालले की सगळी शाळा हसायची. मास्तरही हसायचे.

जिल्ह्याची एक चित्रस्पर्धा होती. चित्रं शाळेत काढायची आणि पाकिटात घालून पाठवायची. आता असल्या स्पर्धांत काय चालतं हे सगळ्यांनाच माहीत असतं. शेजारच्या शाळेतल्या सरांचा हात फार गोड होता, आपल्या मास्तरांपेक्षा कितीतरी तयारीचा. मुलांची चित्रं पूर्ण झाली की ते एकेक कागद पुढ्यात घेत, झाडाखाली दोन गडद फटकारे मारत, पाण्यात एक तिरीप ओढत, आणि चित्र उभं राही. त्यांच्या शाळेतल्या काचेच्या कपाटात ढाली मावत नव्हत्या. आपल्या मास्तरांच्या शाळेत एकच ढाल होती, तीही खो-खोची. हेडमास्तर शिक्षकांच्या बैठकीत तिच्याकडे बघत आणि मग मास्तरांकडे बघत.

एका वर्षी गावातले एक ठेकेदार शाळेत आले. चित्रकलेच्या खोलीची कौलं गळतात हे त्यांनी आल्या आल्या हेरलं.

“मास्तरांनु, ही कौलां मी बदलून देतंय. एक पैसो नको. फक्त माझ्या झिलाच्या चित्रार शेवटाक जरा हात फिरवा.”

“कौलं बदलून दिलीत तर फार बरं होईल,” मास्तर म्हणाले. “मुलांचे कागद भिजतात. पण हात तेवढा नाही फिरवणार.”

ठेकेदारांनी कौलं बदलली नाहीत. त्या पावसात कपाटातल्या निम्म्या कागदांवर बुरशीचे करडे ठिपके उठले. कोकणातला कागद पावसाळ्यात किती सांभाळावा लागतो ते इथल्या माणसाला सांगायला नको; नॅप्थलीनच्या गोळ्या घाला, चुलीवरच्या फळीवर ठेवा, आषाढ आपलं काम करूनच जातो. बुरशी खाल्लेल्या कागदावर रंग सपाट बसत नाही, ठिपक्याठिपक्याने शोषला जातो. मास्तरांनी ते कागद टाकले नाहीत. पोरांना म्हणाले, असे ठिपके कुठल्या भिंतीवर असतात ते शोधून या. आठवड्याने त्या कागदांवर गावातली सगळी जुनी चिऱ्याची कुंपणं हजर झाली.

रविवारी सकाळी मोती तलावाच्या काठावर मास्तरांचा दुसरा वर्ग भरे. त्याला ना फी होती ना हजेरी. येताना कॅमलच्या रंगांची वड्यांची पेटी आणायची, एक डबा पाण्यासाठी, बस्स. ज्याच्याकडे पेटी नसेल त्याने शेजाऱ्याच्या पेटीत ब्रश बुडवावा. समोर तलाव, पलीकडे राजवाडा, मागे नरेंद्र डोंगर. शिकायला यापेक्षा आणखी काय लागतं?

या वर्गात मास्तर पिशवीतून एक जुनं कॅलेंडर काढत. त्यावर एक बाई होती. फिकट जांभळं लुगडं, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. बोटांच्या फटींतून लालसर उजेड झिरपतोय आणि तोच तिच्या चेहऱ्यावर पडलाय. हे चित्र तुम्हीही कुठल्यातरी घरात, दवाखान्यात नाहीतर केशकर्तनालयात पाहिलेलं असणार. खाली बहुतेक ठिकाणी राजा रविवर्मा असं छापलेलं असतं.

“खोटं आहे,” मास्तर म्हणत. “रविवर्मा गेले १९०६ साली. हे चित्र १९४५-४६ च्या सुमाराचं. काढलंय आपल्या वाडीच्या माणसाने.”

मग ते सावळाराम लक्ष्मण हळदणकरांविषयी सांगत. १८८२ साली याच गावात जन्मलेला मुलगा मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला, तेव्हा तिथे कोल्हापूरचे धुरंधर शिकवत होते. शिकून झाल्यावर हळदणकरांनी तैलरंगात काम केलं, जलरंगात केलं, नाव कमावलं. पण मास्तरांना त्यांची वेगळीच गोष्ट मोठी वाटे. १९०८ मध्ये, म्हणजे पंचविशी नुकती ओलांडलेली असताना, त्यांनी मुंबईत हळदणकर फाइन आर्ट इन्स्टिट्यूट काढली. ज्या वयात चित्रकार गिऱ्हाईक शोधत फिरतो त्या वयात या गृहस्थांनी दुसऱ्यांची पोरं शिकवायला घेतली. पुढे १९१८ साली काही चित्रकार मिळून आर्ट सोसायटी ऑफ इंडिया उभी राहिली, त्यांत हळदणकर पुढे होते. बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ पासून होती, पण तिथे शब्द चाले तो साहेबांचा. आपल्या माणसाचं चित्र लागायला आपलीही भिंत हवी, म्हणून ही खटपट.

“चित्रकाराने सभा, वर्गणी, इतिवृत्त असल्या भानगडीत कशाला पडायचं, असं वाटतं ना?” मास्तर विचारत. “मलाही वाटायचं. पण भिंतच नसली तर खिळा ठोकणार कुठे?”

मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मास्तर पदरमोड करून ते बघून आले होते. अंधाऱ्या खोलीत ते टांगलेलं आहे, आणि आत गेल्यावर क्षणभर खरोखरचा दिवा कोणीतरी धरून उभं आहे असं वाटतं, असं ते सांगत. चित्रातली बाई म्हणजे हळदणकरांची मुलगी गीता. दिवाळीच्या दिवसांत वडिलांनी तिला दिवा देऊन उभं केलं. पुढे त्या गीताबाई उपळेकर झाल्या, कोल्हापुरात राहिल्या आणि २०१८ साली वयाच्या १०२ व्या वर्षी गेल्या. म्हणजे जिचं चित्र घरोघरी रविवर्म्याच्या नावाने टांगलेलं होतं ती बाई एवढी वर्षं आपल्यातच वावरत होती, आणि कॅलेंडरं छापणाऱ्यांनी तिला जाऊन विचारलं नाही.

या रविवारच्या वर्गात चितारआळीतल्या एका खेळणीवाल्याची मुलगी येई. बाप लेथवर पांगाऱ्याचं लाकूड फिरवून आंबे, काजूबोंडं, वांगी, भोपळे कातायचा. ती आणि तिची आई त्यांवर रंग चढवायच्या. आधी अस्तर, मग रंग, मग चकाकी. लाकडाचं तीळभर अंग उघडं राहिलं तर आई तो आंबा परत हातात ठेवी. या शिस्तीत वाढलेल्या पोरीच्या हाती जलरंग आले आणि मोठीच पंचाईत झाली. ती काहीही मोकळं सोडीना. तलाव निळा, तर सगळा निळा. वरची झळाळी, पायऱ्यांवरचं ऊन, बगळा, सगळं रंगात बुडालेलं. शेवटी ती विचारी, “सर, पांढरो खंय आसा?”

पेटीत पांढऱ्याची वडी होती, पण मास्तरांच्या वर्गात ती उघडायची नाही असा दंडक होता. पारदर्शक जलरंगाची गंमत, किंवा खोड म्हणा, अशी की त्यात उजेड वरून लावता येत नाही. तैलरंगात काळोख रंगवून त्यावर शेवटी पांढऱ्याचा ठिपका ठेवता येतो. इथे प्रकाश म्हणजे खालचा कागद. तो पहिल्या थरापासून राखावा लागतो. कुठे रंग लावायचा यापेक्षा कुठे नाही लावायचा हे आधी ठरवावं लागतं, आणि एकदा झाकला गेलेला कागद पुन्हा तसा गोरा होत नाही.

“पांढरा लावायचा नसतो, ठेवायचा असतो,” मास्तर म्हणाले.

“पण मग मोकळा दिसतला.”

“दिसू दे.”

तिला पटलं नाही. दुसरे कोणी शिक्षक असते तर त्यांनी तिच्या हातातून ब्रश घेऊन दोन मिनिटांत करून दाखवलं असतं, आणि मीही तेच केलं असतं. मास्तरांनी कॅलेंडर तिच्यासमोर धरलं आणि नुसतं बघायला सांगितलं. पोरगी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “सर, हिचो हात दिव्याक लागना नाय.”

“लागला तर?”

“भाजतलो.”

“आनि हात काढलो तर?” मागून एका पोराने विचारलं.

“तर वाऱ्यान दिवो विझतलो,” तीच म्हणाली.

मास्तर काही बोलले नाहीत. त्यांनी कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घातलं.

त्या रविवारी तिने चित्र काढलंच नाही, पाण्याकडे बघत बसली. पुढच्या रविवारी कागद पाण्याने ओलवला, आणि तलावावर जिथे ऊन सांडलं होतं तेवढी एक तिरकस पट्टी कोरडी सोडून निळा वॉश वरून खाली ओढायला घेतला. जिभेचं टोक बाहेर, श्वास धरलेला. पट्टीच्या कडेला येईपर्यंत सगळं ठीक होतं. तिथे ब्रशात पाणी जास्त झालं आणि एक निळा ओघळ पांढऱ्यात शिरला. तिने वर बघितलं. मास्तर शेजारीच उभे होते, हात पाठीमागे. चेहरा शांत. पण मागच्या बाजूला बसलेल्या पोरांना जे दिसलं ते तिला दिसत नव्हतं. मास्तरांच्या डाव्या हाताने उजव्याचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि उजव्या हाताची बोटं हवेत ब्रश चालवत होती.

ओघळ पुढे सरकत होता. पोरीने घाईघाईने ब्रश पदरात, म्हणजे ओढणीत, पिळून कोरडा केला आणि त्याचं टोक ओघळाच्या तोंडाशी टेकवलं. ब्रशाने पाणी पिऊन घेतलं. पट्टी वाचली; एका कडेला थोडी निळसर झाली, पण वाचली. ही युक्ती तिला कोणी सांगितली नव्हती.

ते चित्र स्पर्धेला गेलं आणि त्याला काही मिळालं नाही. ढाल नेहमीप्रमाणे शेजारच्या शाळेत गेली. त्या दिवशी हेडमास्तर खो-खोच्या ढालीकडे नेहमीपेक्षा जास्त वेळ बघत होते.

पुढची वर्षं भराभर गेली. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना मास्तरांचा उजवा हात कापू लागला. आधी चहाची बशी वाजायची, मग खडू थरथरू लागला. प्रमाणपत्रांवरची नावं संगणकावर छापून येऊ लागली, स्वागताच्या पाटीच्या जागी फ्लेक्स आला, सुविचारसुद्धा छापील मिळू लागला. गावाने आपला निष्कर्ष काढला: “आता कळला! मास्तरांचो हातच चलना नाय, म्हणान ते कोणाच्या चित्राक हात लावीत नाय.” आधी काय आणि नंतर काय, याचा हिशोब गाव ठेवत नाही. मास्तरांनीही कोणाला समजावलं नाही.

शेजारच्या शाळेतले सर त्याच सुमारास निवृत्त होऊन मुलाकडे पुण्याला गेले. त्यांचा एक ढालवाला विद्यार्थी आता बँकेत आहे. कोणीतरी त्याला सहज विचारलं, चित्रं काढतोस का अजून? तो म्हणाला, “नाही जमत. सर शेवटी नेमकं काय करायचे ते मला कधी कळलंच नाही.” यात सरांना नावं ठेवायची नाहीत. मुलांवर त्यांचा जीव होता, आणि ढाल मिळालेल्या मुलाचा चेहरा बघायला कोणाला आवडत नाही?

मोती तलावाकाठचा वर्ग मात्र चालू राहिला. कापणाऱ्या हातामुळे त्यात काहीच अडलं नाही, कारण त्या हाताचं तिथे कधी कामच नव्हतं. वड्यांच्या पेट्या बदलल्या, मुलं बदलली. खेळणीवाल्याची मुलगी बापाच्या मागे दुकान सांभाळू लागली आणि सुट्टीच्या हंगामात दुकान आईवर सोपवून तासभर तरी काठावर येऊन बसू लागली.

मग गावातल्या वाचनालयाच्या मनात आलं की सभागृहात हळदणकरांचं चित्र असावं. अध्यक्ष मास्तरांच्या घरी आले.

“आपल्या गावचा माणूस, आणि त्याचं चित्र बघायला आम्ही म्हैसूर गाठायचं? मोठी प्रतिकृती करून द्या. तुमच्याशिवाय कोण करणार?”

“मी नाही. ती करेल,” मास्तर म्हणाले आणि नाव सांगितलं.

“लाकडी वांगी रंगवते ती?”

“तीच.”

अध्यक्षांनी जरा विचार केला. “बरं. पण शेवटी तुम्ही एकदा हात फिरवा म्हणजे झालं.”

दुकानामागच्या खोलीत, भुशाच्या वासात काम सुरू झालं. तिने मोठा जाड कागद भिजवून फळीवर गमटेपने ताणून बसवला. त्याआधी छोट्या तुकड्यांवर नुसती बोटंच काढून बघितली होती: ज्योतीच्या बाजूला कागद कोरा, मग पिवळ्याची पुसट झाक, ती ओली असतानाच नारिंगी, आणि बोटांच्या कडांना तांबडा. पिवळा वाळला की तांबडा वेगळा पडतो, फार ओला राहिला की सगळा चिखल होतो. मधली वेळ गाठायची. ऑक्टोबरच्या दमट हवेत ती वेळ कधी येते ते कागदाकडे तिरकं बघून, त्याची ओली चकाकी जाते त्या घटकेला, कळतं. ती खाली वाकून गाल कागदाला लावल्यासारखी बघायची. मास्तर दारात स्टुलावर बसलेले असायचे. दिवसदिवस एक शब्द बोलायचे नाहीत. एकदाच म्हणाले, “गो बाय, जेवून घे आधी.”

बोटं साधली. ज्योत राखली गेली. पण मनगटाशी रंग अर्धवट वाळलेला असताना ब्रशातून थेंब पडला आणि वेडीवाकडी कड उठली. अध्यक्ष बघायला आले तेव्हा त्यांची नजर नेमकी तिथेच गेली.

“मास्तर, एवढं तेवढं बघून घ्या की.”

“मला काय विचारता? चित्र तिचं आहे.”

अध्यक्षांनी तिच्याकडे पाहिलं. तिने चित्रापासून दोन पावलं मागे जाऊन डोळे बारीक केले. “तां तसाच रवांदे,” म्हणाली. “पुसूक गेलंय तर कागद उठतलो.”

नावाच्या पट्टीवरून समितीच्या दोन बैठका झाल्या. एका गटाला ‘मास्तरांच्या मार्गदर्शनाखाली’ हे शब्द हवेच होते. मास्तर दुसऱ्या बैठकीला स्वतः गेले आणि डाव्या हाताने उजवा धरून, वेळ लागला तरी, एका कागदावर लिहून दिलं: मूळ चित्र सा. ल. हळदणकर. त्याखाली प्रतिकृती म्हणून तिचं नाव. तिसरी ओळ नव्हती.

अनावरणाला मोठे पाहुणे आले होते. भाषण चांगलं झालं, कलेला राजाश्रय वगैरे सगळं आलं. शेवटी त्यांनी चित्राकडे हात केला आणि म्हणाले, “राजा रविवर्म्यांची ही अजरामर कलाकृती...”

सभागृहात खुर्च्या करकरल्या. अध्यक्ष आपल्या चपलांकडे बघू लागले. अर्ध्या लोकांनी माना मागे वळवल्या. मास्तर मागच्या दाराशी उभे होते, हात पाठीमागे. ते जागचे हलले नाहीत.

बायकांच्या रांगेतून ती उठली.

“साहेब, ह्या रविवर्म्याचा न्हय. रविवर्मो १९०६ साली गेलो. ह्या चित्र तेच्या चाळीस वर्सांनी झाला, आमच्या वाडीच्या हळदणकरांनी केल्यानी. खाली लिवलेला आसा.”

पाहुणे भले होते. चष्मा लावून पट्टी वाचली, माइकवरूनच चूक दुरुस्त केली, मग कौतुकाने विचारलं, “ताई, तुम्हाला एवढी बारीक माहिती कशी?”

“कशी म्हणजे? काढलंय मी तां!”

सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. पाहुण्यांनी तिला पुढे बोलावलं, शाल होती, नारळ होता. तिने दोन्ही घेतलं, नमस्कार केला आणि चहा-फराळाला थांबा म्हणणाऱ्या अध्यक्षांना हळूच सांगितलं की फ्रेमवाल्याचे पैसे अजून द्यायचे राहिलेत, तेवढे उद्या पाठवा. मग पायऱ्या उतरली. दुकानात गोव्याची गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि त्यांची बस पाचची होती.